जुळ्या मुली: दोघी एकदम रडल्या की आधी कुणाला उचलायचं?

दोनपाळणे (पहाटे ४:०५)

मुली पुढच्या आठवड्यात तीन महिन्यांच्या होतील. ३५ आठवडे भरले तेव्हाच आल्या, म्हणजे पाच आठवडे घाईने. आता दोघी ठणठणीत आहेत, वजनं वाढताहेत, त्यामुळे हा काळजीचा धागा नाही. कारभाराचा आहे.

जुळी म्हटलं की सगळे म्हणतात, "बाई गं, दुप्पट काम!" दुप्पट कामाचं काही नाही. लंगोट दुप्पट, दुपटी दुप्पट, धुणं दुप्पट. हात बसतो त्यावर. मला जड जातंय ते वेगळंच. दिवसाचा बराच वेळ मी घरात एकटी असते आणि दोघींपैकी एक कायम रांगेत असते. एकीला पाजायला घेतलं की दुसरी थांबलेली. एकीची शी काढायला घेतली की दुसरीचा टाहो. आणि थांबणारी बहुतेक वेळा धाकटीच. थोरली डोळे उघडायच्या आत भोंगा सुरू करते, मी तिच्याकडे धावते. धाकटी आधी नुसती वळवळते, मूठ तोंडात घालते, पंख्याकडे बघत पडून राहते. घरी येणारं प्रत्येक माणूस म्हणतं, किती गुणी आहे ही! मला तिच्या त्या गुणीपणाचंच वाईट वाटतं. जिचा आवाज मोठा तिचा नंबर आधी, असा कायदाच होऊन बसलाय.

तर दोघी एकदम रडल्या की तुम्ही आधी कुणाला उचलत होतात? काही ठरवलं होतं का? आणि एक भुकेने उठली तर झोपलेल्या दुसरीला उठवून पाजावं का? 'निजलेलं बाळ उठवू नये' यावर आमच्याकडे दोन्हीकडच्या आज्यांचं एकमत आहे, आणि त्यांचं एकमत ही इतकी दुर्मीळ गोष्ट आहे की मोडवत नाही.

रात्रीबद्दल तर काहीही सांगितलंत तरी चालेल.

अर्धीझोप (पहाटे ४:३१)

उठवा.

सविस्तर सकाळी लिहितो. आमच्या दोघी दोन वर्षांच्या झाल्या, तरी या वेळी एक खांद्यावर असतेच.

काठावरचा (सकाळी ७:१५)

आम्हाला एकच आहे. धागा वाचून बायकोला दाखवला. आजपासून घरात तक्रार बंद.

अर्धीझोप (सकाळी ९:५०)

हां, तर हिशोब मांडतो. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं. दोघींना आपापल्या वेळेवर सोडलं तर १६ ते २४ बैठका. एका बैठकीत पाजणं, ढेकर, लंगोट, पुन्हा निजवणं, म्हणजे पाऊण तास कुठेच जात नाही. गुणाकार करून बघा, बारा ते अठरा तास यातच जातात. एक उठली की पाठोपाठ दुसरीला उठवलं तर बैठका पुन्हा ८ ते १२ वर येतात. निजलेलं बाळ उठवू नये हा नियम ज्यांनी केला त्यांच्याकडे एका वेळी एकच बाळ होतं, असं माझं नम्र मत आहे. दोन्ही आज्यांना हा गुणाकार दाखवा.

फक्त उठवायचं म्हणजे खडबडून नव्हे. पाय उघडे करायचे, लंगोट बदलायचा, तेवढ्याने अर्धवट जाग येते आणि अर्धवट झोपेतच ती पिते. रडायच्या आधी पाजलेलं बाळ कमी हवा गिळतं आणि लवकर निजतं, हा आमचा अनुभव.

दुसरी गोष्ट, वही. मोबाईलवर ॲप असतात, पण आमच्याकडे घरातल्या कुणालाही दिसेल अशी भिंतीवर टांगलेली वही टिकली. वेळ, कोण, कुठल्या बाजूला पाजलं, शू, शी, औषध. पहाटे तीन वाजता आपल्याला ठाम वाटत असतं की दोघींना पाजून झालंय. ठाम वाटण्याला त्या वेळी काही अर्थ नसतो. औषधाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण थेंब एकीला दोनदा आणि दुसरीला अजिबात नाही, असं व्हायला जराही वेळ लागत नाही. थेंब द्यायचं काम एकाच माणसाकडे ठेवा.

रात्रीचं पुढच्या प्रतिसादात. थोरली (आमची) वहीवर चढली आहे.

निळी_छत्री (दुपारी १:२०)

मी नवजात विभागात परिचारिका आहे. धागाकर्तीने धाकटीबद्दल लिहिलंय ते वाचून थांबले, म्हणून लिहिते.

मूठ तोंडात घालणं, मान इकडेतिकडे वळवून तोंड उघडणं, वळवळणं ही भुकेचीच भाषा आहे. रडणं हा तिचा शेवट. म्हणजे तुमची धाकटी सांगत नाही असं नाही. थोरली सुरुवातच शेवटापासून करते एवढंच. त्यामुळे 'आधी कुणाला' याचं माझं उत्तर: आवाजावरून ठरवू नका, शेवटचं कधी पाजलं त्यावरून ठरवा. वही इथे कामी येते.

लवकर जन्मलेल्या बाळांत शांतपणाकडे जरा सावधपणे बघावं लागतं. काही बाळं पोट भरलं म्हणून शांत असतात, काही दमतात म्हणून. दोन्ही दिसायला सारखीच. फरक कळतो तो वजनाच्या तक्त्यावर आणि लंगोटांत. चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट आणि वजनाची रेष वर जाणारी असेल तर ती खरोखर समाधानी आहे. तिची रेष तिच्या स्वतःच्या आधीच्या रेषेशी ताडायची, बहिणीच्या नव्हे.

आणखी एक. वय मोजताना दोन वयं धरायची. जन्मतारखेपासूनचं आणि दुरुस्त केलेलं, म्हणजे पूर्ण ४० आठवड्यांना जन्मल्या असत्या तर जे असतं ते. हसणं, मान धरणं, पालथं पडणं हे दुरुस्त वयावर बघायचं, साधारण दोन वर्षांची होईपर्यंत. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच, त्यात पाच आठवडे वजा करायचे नाहीत. यात खूप घरांत गोंधळ होतो.

तापाच्या औषधाची मात्रा वजनावर असते, तेव्हा दोघींच्या वजनात फरक असेल तर मात्रेतही असणार. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा वर ताप असेल तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं.

दोनपाळणे (दुपारी २:०५)

निळी_छत्री, 'थोरली सुरुवातच शेवटापासून करते' हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, कुणावर गेली ते सांगायला नको.

दुरुस्त वयाचं आत्ताच बोटं मोजून बघितलं. म्हणजे या आता तेरा नाही, आठ आठवड्यांच्या धरायच्या? मग एक विचारते. थोरली गेले दहा-बारा दिवस बघून हसते. धाकटी अजून नाही. मी काही बोलले नव्हते कुणाला.

निळी_छत्री (दुपारी २:३०)

हो, आठ. आपल्याकडे बघून हसणं साधारण सहा ते आठ आठवड्यांत सुरू होतं, काहींचं थोडं पुढे. ती नजर देते ना, आवाजाकडे वळते ना? मग थांबा. दुरुस्त वयाचे तीन महिने झाले तरी हसली नाही तर डॉक्टरांना सांगा. आणि तपासणीला जाल तेव्हा आत्ताचंही सांगाच, मनात ठेवू नका.

जाता जाता: बाळांचं रडणं सहा आठवड्यांच्या सुमारास सगळ्यात वाढतं, मग उतरत जातं. लवकर जन्मलेल्यांत हेही दुरुस्त वयाने. म्हणजे तुम्ही शिखर नुकतंच ओलांडलंय.

कोपऱ्यातली (दुपारी ३:४५)

माझा अनुभव अर्धीझोप यांच्यापेक्षा थोडा निराळा. माझ्याही दोघी मुलीच, आता चार वर्षांच्या. एकत्र पाजणं मलाही करावं लागलं, पण त्यात बाळ हातात न घेता नुसतं काम उरकल्यासारखं व्हायचं. दोघींची डोकी दिसायची, चेहरे नाहीत. म्हणून दिवसातली एक वेळ मी मुद्दाम एकेकटीची ठेवली. सकाळची थोरलीची, दुपारची धाकटीची. बाकीच्या वेळी दोघी एकदम. त्या एका वेळेवर माझा दिवस निघायचा.

एकदम पाजायचं कसं ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून सांगते. नेहमीसारखं आडवं मांडीवर घेऊन दोघी मावत नाहीत. काखेतून धरायचं: बाळाचं अंग तुमच्या बगलेखाली, पाय पाठीमागे, डोकं तुमच्या तळहातावर पुढे. दोन बाजूंना दोघी. मांडीवर जाड, घट्ट उशी हवी, नाहीतर पाठीचं भजं होतं. एकटी असाल तर पलंगावर आधी दोघींना उशीच्या दोन बाजूंना निजवा आणि मग मध्ये बसा. बसल्यावर कुणी आणून देईल या आशेवर बसू नका. आधी तिला लावा जिला धरायला वेळ लागतो, कारण तिच्यासाठी हात मोकळा हवा. धरता येणारी दुसरी एका हाताने लागते. पण आधी दोघी एकेकट्या नीट पकडायला शिकल्या पाहिजेत. त्याआधी एकदम करायला गेलात तर आई आणि दोन मुली, तिघीही रडतात.

बाजू बदलत राहा. दोघींची ओढ सारखी नसते, आणि ज्या बाजूचं दूध जास्त निघतं त्या बाजूला जास्त तयार होतं. एकच बाजू एकीची करून टाकली तर जोरात ओढणारीची बाजू भरलेली आणि दुसरीची रोडावलेली. मी दिवसाआड बदलायचे.

ढेकर: एक खांद्यावर, दुसरी उशीवरच थोडी उंच, पाठीवर हात. परिपूर्ण नाही. चालतं.

आजीचा_चष्मा (सायंकाळी ५:१०)

मी दोन नातींची आजी. निजलेलं बाळ उठवू नये म्हणणाऱ्यांतलीच एक होते, सुनेने गुणाकार न मांडताच मला पटवलं होतं.

दोनपाळणे, तुम्ही रांगेतल्या मुलीबद्दल लिहिलंत. मी दुपारची तिथे असायचे तेव्हा माझं काम तेच होतं, रांगेतलीशी बोलणं. उचलायचं असंच नाही. तिचा चेहरा दिसेल असं बसायचं, पोटावर हात ठेवायचा आणि बोलत राहायचं, काहीही. आज कोण आलं, दूधवाला काय म्हणाला, आई आता येतेच. एकट्या असाल तर पाजताना दुसरीला पायाशी निजवून पायाने हलकं थोपटता येतं आणि तिच्याशी बोलता येतं. तान्ह्या बाळाला एकटं थांबणं आणि कुणाच्या नजरेत थांबणं यात फरक कळतो, हे मी सांगते.

मदतीला येणाऱ्यांना एक विनंती. बाळ मागू नका. तुम्ही बाळ घेऊन बसता आणि बाळंतीण उठून तुमच्यासाठी चहा टाकते. धुणं वाळत घाला, बाटल्या उकळा, आणि तिला तिची मुलगी द्या.

काठावरचा (सायंकाळी ५:४०)

आजी, शेवटचा परिच्छेद छापून दारावर लावायला हवा.

आणि या सगळ्यात वडील कुठे बसवायचे?

निळी_छत्री (सायंकाळी ६:००)

उघड्या छातीवर. थट्टा नाही. कोलंबियातल्या बोगोटात १९७० च्या दशकाच्या शेवटी इनक्युबेटर कमी पडत होते, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी लवकर जन्मलेल्या बाळांना आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू पद्धत. ऊब, श्वास, वजन सगळ्यालाच फायदा होतो, आणि ती वडिलांनाही जमते. जुळ्यांत तर एकीला आई आणि दुसरीला बाबा अशी सोय आपोआप होते. रांगेतली मुलगी बाबांच्या छातीवर असेल तर ती रांगेत राहतच नाही. फक्त ती छातीवर असताना बाबा जागे हवेत.

अर्धीझोप (रात्री ९:३०)

रात्रीचं राहिलं होतं.

आम्ही आधी मुली वाटून घेतल्या होत्या, एक तुझी, एक माझी. कागदावर न्याय्य. प्रत्यक्षात कुणाचीही उठली तरी चौघेही जागे, आणि सकाळी दोन्ही मोठी माणसं कामातून गेलेली. मग रात्र वाटून घेतली. नऊ ते दोन एकाने दोघींना बघायचं, दोन ते सात दुसऱ्याने. ज्याची पाळी नाही तो दुसऱ्या खोलीत, कानात कापूस घालून. सलग साडेचार-पाच तास झोप मिळाली की माणूस माणसासारखा बोलतो. घरात आम्ही एकमेकांशी पुन्हा सरळ वाक्यांत बोलू लागलो ते या बदलानंतर.

माझ्या पाळीत काढून ठेवलेलं दूध असायचं, कमी पडलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं पावडरचं. पावडर म्हटल्यावर कुणी नाक मुरडणार असेल तर त्यांनी एक रात्र येऊन जावं. दूध काढायला बायकोला मधे उठावं लागायचं, ते टाळता आलं नाही. पण तिने तिच्या वेळेला उठणं आणि भोंग्याने उठणं यात फरक आहे.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस. बाहेर उकाडा असेल तर खोलीत ठेवूच नका. पिऊन उरलेलं दोन तासांच्या पुढे टाकून द्या, कितीही जीव तुटला तरी.

दोनपाळणे (रात्री ११:५५)

पाळ्यांचं आज ठरवलं. नवऱ्याने नऊ ते दोन मागून घेतली आणि आत्ता तो झोपलाय. उठवते थोड्या वेळाने, पाय उघडे करून.

दोघींना एका पाळण्यात ठेवलं तर शांत झोपतात म्हणतात. पोटातही एकत्रच होत्या ना. कुणी केलंय?

निळी_छत्री (सकाळी ६:४५)

फोटोत फार गोड दिसतं. पण झोपेसाठी दोघींना वेगवेगळी जागा, हाच सल्ला मी देते. पाठीवर, सपाट आणि कडक गादीवर, उशी नाही, मऊ खेळणी नाहीत, जाड पांघरूण नाही, पाळणे तुमच्याच खोलीत शेजारी शेजारी. जुळी बहुतेकदा लवकर आणि कमी वजनाची जन्मतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे जास्तच पाळायचं. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर निजवण्याची मोहीम सुरू झाली, त्यानंतरच्या वर्षांत तिथे झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. नियम साधा आहे पण वजनदार आहे.

रात्री पाजताना डोळा लागेल असं वाटत असेल तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसू नका. बाळाला घेऊन सोफ्यावर झोप लागणं सगळ्यात धोक्याचं. त्यापेक्षा उशा-पांघरुणं बाजूला काढलेला पलंग बरा, आणि जाग आली की बाळ तिच्या जागेवर.

जोडवाक्य (सकाळी १०:३०)

मी स्वतः जुळ्यातली. आई नाही, मुलगी म्हणून लिहिते आहे.

पंख्याकडे बघत पडणारी मीच होते म्हणे. आईला थांबवून ठेवल्याचं वाईट वाटायचं, अजून वाटतं, पण खरं सांगू, मला त्या थांबण्याचं काही आठवत नाही आणि त्याने काही बिघडलंय असंही वाटत नाही. बिघडवलं असेल तर ते नंतरच्या बोलण्याने. 'ही शांत, ती तिखट.' पाहुणे, शेजारी, शाळा, सगळ्यांना दोघींना ओळखायला काहीतरी खूण हवी असते, आणि दिसण्यात फरक सापडला नाही की ते स्वभावात शोधतात. खूण एकदा चिकटली की आपणही ती वागवतो. माझी बहीण तिखट नव्हती. तिला आधी बोलायची सवय लागली आणि मला नंतर बोलायची. आजही दोघींना काही सांगायचं असलं तर मी म्हणते, तू आधी सांग.

तेव्हा धाकटीला गुणी म्हणणाऱ्यांना मधेच तोडा. "ती आत्ता शांत आहे" म्हणा. काही महिन्यांत दोघींच्या भूमिका उलट होतील, तेव्हा तुम्हालाच हसू येईल.

आणि फोटोंवर नावं घाला! आमच्या लहानपणीच्या अल्बममध्ये कोण कोणती हे घरात कुणालाही सांगता येत नाही. माझा म्हणून मी ज्याच्यावर दावा करते तो बहिणीचाही असू शकतो. एकेकटीचे फोटोही काढा.

दोनपाळणे (सकाळी ११:१०)

जोडवाक्य, हे दोनदा वाचलं. फोनमधले फोटो उघडले आणि पहिल्या महिन्यातल्या तीन फोटोंवर मी आणि नवरा आत्ताच भांडलो. उरलेल्यांना नावं टाकतेय.

काठावरचा (दुपारी १२:००)

जरा विरोधी सूर लावतो. तीन महिन्यांच्या बाळांना कोण आधी, कोण नंतर याचा हिशोब नसतो. आईने इतकं मनाला लावून घेतलं तर तीच दमेल. जी हाताशी असेल तिला उचला आणि पुढे चला.

कोपऱ्यातली (दुपारी १२:४०)

हिशोब बाळांना नसेल, पण सवय आपल्याला लागते. रोज तीच नंतर, असं वर्षभर चाललं तर आपलं बोलणंही तिच्या वाट्याला कमी येतं. जुळी मुलं सरासरीने थोडी उशिरा बोलायला लागतात, त्याचं एक कारण हेच धरतात, की मोठ्यांचं बोलणं दोघांत वाटलं जातं. लवकर जन्मणं हे दुसरं. 'चला गं पोरींनो' असं दोघींना मिळून म्हटलेलं वाक्य कुणाच्याच वाट्याचं नसतं. म्हणून लंगोट बदलताना मी नाव घेऊन, डोळ्यांत बघून बोलायचे. त्याला वेगळा वेळ लागत नाही, ती एकटीच तुमच्यासमोर असते.

पुढे त्या आपापसांत एक भाषा काढतात, ती ऐकायला मजा येते. आमच्याकडे 'बूप' म्हणजे दिवा लाव आणि दिवा घालव, दोन्ही.

काठावरचा (दुपारी १२:५५)

बरं, पटलं. अर्धं.

रातपाळी (रात्री १:३५)

धाग्याला सोडून आहे, क्षमस्व. आमच्या मुली दोन महिन्यांच्या. बायको सगळं करते, वहीसुद्धा चोख आहे, पण ती हसत नाही. मुली झोपल्या तरी ती झोपत नाही. काल म्हणाली, यांना माझ्यापेक्षा कुणीही चांगलं सांभाळेल. थकवा म्हणून सोडून द्यावं का?

निळी_छत्री (रात्री १:५०)

नाही. धाग्याला सोडूनही नाही.

बाळंतपणानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत रडू येणं, मन हलकं-जड होणं खूप जणींना होतं आणि जातं. त्यापुढे टिकलं, संधी असूनही झोप येत नसेल, आपण कुचकामी आहोत असं वाटत असेल तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. जुळ्यांच्या आयांमध्ये ते जास्त आढळतं. तो आजार आहे, उपचार आहेत, अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली आहे, दहाच प्रश्न असतात. डॉक्टर ती भरून घेतील. उद्याच वेळ घ्या, तुम्ही सोबत जा, आणि तिने काल जे म्हटलं ते जसंच्या तसं सांगा. स्वतःला किंवा मुलींना इजा करण्याबद्दल एक शब्द जरी आला तर उद्याची वाट बघू नका, आत्ता न्या.

आणि सगळ्यांसाठीच: दोघींच्या रडण्याने डोकं फिरायला लागलं तर त्यांना पाळण्यात पाठीवर ठेवा, दार ओढा आणि पाच-दहा मिनिटं बाहेर जा. पाळण्यात रडणारं बाळ सुरक्षित असतं. बाळाला गदागदा हलवायचं कधीही नाही, मेंदूला कायमची इजा होते.

रातपाळी (रात्री २:०५)

ती जागीच होती. तिला वाचून दाखवलं. सकाळी जातोय.

आजीचा_चष्मा (सकाळी ७:३०)

रातपाळी, तिच्याजवळ रात्री कुणी आहे का? तिची आई, बहीण, कुणी? दोन रात्री तिला नुसतं झोपू द्या. काय होतं ते इथे कळवा, मी बघत राहीन.

दोनपाळणे (सायंकाळी ४:२०)

रातपाळी, आमचंही लक्ष इकडेच आहे.

माझ्याकडचं सांगते. सकाळची पहिली पाळी धाकटीची केली, ती मूठ तोंडात घालते तेव्हाच उचलते. थोरलीने पहिले दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. आता तिला पायाशी निजवते आणि आजींनी सांगितल्यासारखं बोलत राहते. भोंगा बंद होत नाही, पण मधे मधे थांबून ऐकते. रात्रीच्या पाळ्या बऱ्या चालल्यात. सासूबाईंना गुणाकार दाखवला. त्या म्हणाल्या, "मग मला का नाही उठवत?" आता पहाटेची एक बैठक त्यांची.

एक जाता जाता. सोनोग्राफीत दोन वारा (प्लॅसेंटा) दिसल्या होत्या म्हणून या एकबीज (एकाच फलित बीजाच्या) नाहीत असं आम्ही धरून चाललोय. पण दिसतात हुबेहूब. एकीच्या अंगठ्याच्या नखाला रंग लावून ठेवलाय.

निळी_छत्री (सायंकाळी ४:५०)

दोन वारा असल्या तरी एकबीज असू शकतात. फलित बीज पहिल्या तीनेक दिवसांत दुभंगलं तर दोघींची वार वेगवेगळी तयार होते. खात्री हवीच असेल तर गालाच्या आतल्या बाजूला कापूस फिरवून डीएनए चाचणी करतात. घाई नाही. बोटांचे ठसे मात्र एकबीज जुळ्यांचेही वेगळे असतात, तेव्हा अगदीच गोंधळ झाला तर पोलिसांसारखे ठसे घ्या.

नखाचा रंग पायाच्या अंगठ्याला असेल तर पाचव्या-सहाव्या महिन्यात काढून टाका, तेव्हा पाय तोंडात जायला लागतात. हाताच्या अंगठ्याला असेल तर आजच काढा.

दोनपाळणे (सायंकाळी ४:५५)

हाताच्या होता. काढला.

पुढच्या लसी जवळ आल्यात. दोघींना एकाच दिवशी न्यायचं की वेगवेगळ्या? एकीला ताप आला आणि दुसरीलाही आला तर, म्हणून विचारतेय.

अर्धीझोप (सायंकाळी ५:३०)

एकाच दिवशी. दोन रात्री जागण्यापेक्षा एक बरी. बरोबर दुसरं मोठं माणूस हवंच; जिची सुई झाली तिला लगेच पाजायला घ्यायचं आणि दुसरी त्यांच्याकडे. दोघींच्या लसीच्या कार्डांना वेगवेगळ्या रंगाची कव्हरं घाला आणि सुई टोचायच्या आधी नाव मोठ्याने वाचून घ्या. गर्दीत एकीची नोंद दुसरीच्या कार्डावर जाते आणि मग ते निस्तरत बसावं लागतं.

कोपऱ्यातली (सायंकाळी ५:४५)

कपडेही त्या दिवशी वेगळ्या रंगाचे घाला, कार्डाच्या रंगाला जुळणारे.

रातपाळी (रात्री ८:१०)

जाऊन आलो. प्रश्नावली भरून घेतली, औषध सुरू केलंय, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. तिची बहीण उद्या येतेय राहायला. आज दुपारी ती तीन तास सलग झोपली. वही मी लिहिली.